मदतीची भाकर : भीक की हक्क?

(उपासक-उपासिकांच्या मेळाव्यात एका वकिलाने दिलेले व्याख्यान)

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. युद्धाच्या काळात बायकामुलांना मदत कशी पोहोचवावी, हा प्रश्न राज्यकर्त्यांचा, सेनापतींचा आणि मुत्सद्द्यांचा. तो आपल्यासारख्या कष्टकरी माणसांच्या सभेत कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु हा विषय मी बुद्ध्याच निवडला आहे. युद्ध कोणी पुकारले आणि कोणी जिंकले, हे इतिहासात मोठ्या अक्षरांत लिहिले जाते. त्या युद्धात चूल कोणाची विझली, हे शोधायला मात्र फार पाने चाळावी लागतात. आणि विझलेली चूल म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

दुसरेही एक कारण आहे. आपल्या आज्या-पणज्या येसकराच्या पाळीची भाकर घरोघर मागून आणीत. गावकीच्या कामाचा तो मोबदला होता आणि त्याला 'हक्क' असेच म्हणत. पण तो हक्क मिळे कसा? उंबऱ्याबाहेर उभे राहून, पदर पसरून, वरून टाकलेला! नाव हक्काचे आणि रीत भिकेची. १९५६ नंतर आपल्या माणसांनी जे जे टाकून दिले, त्यांत ही भाकरही होती. पोट भरते म्हणून कोणतीही भाकर चांगली होत नाही, हे आपण अनुभवाने जाणतो. म्हणूनच युद्धात सापडलेल्या स्त्रियांना दिलेली मदत भीक होते केव्हा आणि हक्क ठरते केव्हा, याचा विचार करण्याचा अधिकार आपल्याइतका दुसऱ्या कोणाचा असेल असे मला वाटत नाही.

आता एक खरी हकिगत सांगतो. १८९९ च्या ऑक्टोबर महिन्यात दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांचे युद्ध जुंपले. बोअर म्हणजे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, मुख्यतः डच वंशाचे गोरे शेतकरी. उघड लढाईत माघार घ्यावी लागल्यावर त्यांनी गनिमी कावा धरला. त्यांना रसद मिळू नये म्हणून इंग्रज सेनेने त्यांची सुमारे ३० हजार घरे जाळली, उभी पिके आणि गुरेढोरे नष्ट केली, आणि उघड्यावर पडलेल्या बायकामुलांना छावण्यांत नेऊन ठेवले. त्या छावण्या म्हणजे माळावर उभारलेल्या तंबूंच्या रांगा होत्या. दिवसा तंबूत ऊन मावत नसे आणि पावसात जमीन कोरडी राहत नसे.

इंग्लंडमध्ये एमिली हॉबहाउस नावाची एका पाद्र्याची कन्या होती. तिने या स्त्रियांसाठी निधी जमवला आणि १९०० च्या डिसेंबरात ती एकटी बोटीने निघाली. आपल्याच देशाच्या शत्रूंच्या बायकामुलांना मदत नेणारी ही बाई! तिने मोठ्या अधिकाऱ्यांना भेटून रेल्वेचे डबे मागितले. लष्कराने एकच डबा दिला आणि ब्लूमफाँटेनच्या पुढे जाण्यास मनाई केली. १९०१ च्या जानेवारीत अन्न आणि कपडे घेऊन ती त्या छावणीत पोहोचली.

तेथे तिने काय मागितले, हे माताभगिनींनी नीट ऐकावे. तिने साबण मागितला. साबण ही चैनीची वस्तू आहे, असे उत्तर तिला मिळाले. तिने पाणी उकळून द्या म्हटले, कारण छावणीत विषमज्वर होता. तर पाणी उकळायला सरपण नव्हते. एवढी माणसे, एवढी तान्ही लेकरे, आणि कपडे धुवायला साबणाची वडी नाही! ज्यांनी छावणीचा हिशेब मांडला होता, त्यांनी माणशी पीठ, साखर, कॉफी आणि मीठ किती हे बरोबर लिहिले होते. घर चालवायला आणखी काय लागते, हे त्यांना सुचले नाही, कारण घर चालवणारीला त्यांनी विचारलेच नव्हते.

त्याहून क्रूर गोष्ट अशी की, सुरुवातीला त्या छावण्यांत शिध्याच्या दोन प्रती होत्या. ज्या बाईचा नवरा शरण आला होता तिला एक शिधा, आणि ज्या बाईचा नवरा अजून लढत होता तिला त्याहून कमी. नवरा रणांगणावर आणि त्याची शिक्षा लेकराच्या ताटाला! कायद्याचा पहिला धडा असा की, ज्याने अपराध केला त्यालाच दंड व्हावा. येथे तर ज्याला बोलताही येत नव्हते त्याला दंड होत होता. पुढे ओरड झाल्यावर ही पद्धत बंद झाली. पण ओरड होईपर्यंत ती चालू होती, हे विसरू नका.

हॉबहाउसबाई परत गेली आणि १९०१ च्या जूनमध्ये तिने आपला अहवाल प्रसिद्ध केला. देशात खळबळ उडाली. विरोधी पक्षाचे नेते कॅम्पबेल-बॅनरमन यांनी या युद्धपद्धतीला रानटी म्हटले. बाईला काहींनी देशद्रोही ठरवले. शेवटी सरकारने मिलिसेंट फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली केवळ स्त्रियांचे एक चौकशी मंडळ नेमले; त्यांत डॉक्टर, परिचारिका आणि कारखान्यांची तपासणी करणारी अधिकारी अशा जाणत्या बायका होत्या. जिने सारे उजेडात आणले त्या हॉबहाउसबाईला मात्र वगळले. ती १९०१ च्या ऑक्टोबरात पुन्हा केपटाउनला गेली, तेव्हा तिला बंदरात उतरूही दिले नाही. बळाने दुसऱ्या बोटीवर चढवून परत धाडले. पण सत्याला बोटीवर चढवून परत धाडता येत नाही! चौकशी मंडळाने छावण्या पाहिल्यावर स्वच्छ पाणी, सरपण, परिचारिका आणि बरा शिधा यांचीच शिफारस केली. मृत्यूचे प्रमाण १९०१ च्या ऑक्टोबरात सर्वांत अधिक होते. कारभार सुधारू लागल्यावर पुढील महिन्यांत ते झपाट्याने उतरले. मग जी लेकरे तत्पूर्वी गेली ती दैवाने गेली, असे कसे म्हणावे? ती व्यवस्थेने गेली. १९०२ च्या मे अखेर युद्ध संपले, तोवर या छावण्यांत सुमारे २८ हजार बोअर माणसे मेली होती आणि त्यांतील २२ हजारांहून अधिक १६ वर्षांखालची मुले होती.

येथवर ही हकिगत पुष्कळांना ठाऊक असते. आता पुढचा भाग ऐका. तो आपल्यासाठी आहे.

त्या मुलखात केवळ गोरे राहत नव्हते. गोऱ्यांच्या शेतांवर राबणारी आणि स्वतःची जमीन कसणारी काळी आफ्रिकी कुटुंबेही तेथे होती. घरे जळाली, तशी त्यांची खोपटीही जळाली. त्यांच्यासाठी वेगळ्या छावण्या उभारल्या गेल्या. युद्धाच्या अखेरीस या वेगळ्या छावण्यांत १ लाख १५ हजारांहून अधिक माणसे होती. गोऱ्यांच्या छावणीत शिधा अपुरा असला तरी फुकट होता. काळ्यांच्या छावणीत बहुतेकांना तो राबून किंवा पैसे मोजून घ्यावा लागे. पुरुषांना लष्कराच्या मजुरीवर नेले जाई, आणि मागे राहिलेल्या बायका-मुलांनी तेथल्या जमिनीत मका पिकवून आपले पोट भरावे, अशी योजना होती. या छावण्यांत १४ हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. पुष्कळ मृत्यूंची नोंदच झाली नाही, म्हणून खरा आकडा २० हजार किंवा त्याहूनही अधिक असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

फॉसेटबाईंच्या चौकशी मंडळाने यांतील एकही छावणी पाहिली नाही. हॉबहाउसबाईच्या कानांवर या छावण्यांची दुर्दशा आली होती, आणि कोणीतरी तेथे जाऊन पाहावे असे तिने तेथील स्त्रियांच्या एका मंडळाला कळवलेही. पण तिचे स्वतःचे पाऊल तेथे पडले नाही. मी तिला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. मी हे सांगतो, कारण करुणा कितीही मोठी असली तरी तिची वाट आखून दिलेली असते, आणि त्या वाटेवर जे राहत नाहीत त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही. बंधूंनो, वेगळी वस्ती, वेगळे पाणी आणि वेगळी नोंदवही यांचा अर्थ तुम्हाला मी समजावून सांगायचा काय?

१९१३ च्या डिसेंबरात ब्लूमफाँटेन येथे मेलेल्या बोअर स्त्रिया आणि मुलांचे भव्य स्मारक उघडले गेले. हॉबहाउसबाई त्या समारंभाला निघाली होती, पण वाटेत आजारी पडली. तिचे भाषण दुसऱ्याने वाचले. या झगड्याशी ज्यांचा संबंध नव्हता अशी हजारो काळी माणसेही छावण्यांत मेली, त्यांची आठवण ठेवणे हा न्याय नव्हे काय, असा सवाल तिने त्या भाषणात केला होता. जे डोळ्यांनी पाहता आले नव्हते, ते बारा वर्षांनी तिने शब्दांनी मान्य केले. १९२६ मध्ये ती वारल्यावर तिच्या अस्थी त्याच स्मारकाच्या पायथ्याशी ठेवल्या गेल्या. परंतु स्मारक बोअर स्त्रियांचेच होते. त्या दुसऱ्या स्त्रियांना त्यांत जागा नव्हती.

येथे कोणी विचारील, शत्रूच्या बायकामुलांना आपण का पोसावे? या प्रश्नाचे उत्तर १९१९ मध्ये लंडनच्या एका न्यायालयात मिळाले. पहिले महायुद्ध थांबले होते, तरी जर्मनी आणि ऑस्ट्रियाची नाकेबंदी चालूच होती आणि तेथील मुले उपासमारीने खंगत होती. एग्लँटाइन जेब या बाईने त्या मुलांची चित्रे असलेली पत्रके वाटली. सरकारी परवानगीवाचून पत्रके वाटली म्हणून तिच्यावर खटला झाला आणि तिला ५ पौंड दंड झाला. वकील या नात्याने मला पुढची गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या सरकारी वकिलाने तिच्याविरुद्ध बाजू मांडली, त्यानेच तेवढी रक्कम आपल्या खिशातून तिच्या हाती दिली. कायद्याचे काम त्याने केले आणि माणसाचे कामही केले. त्याच वर्षी जेबबाईने मुलांना वाचवण्यासाठी निधी उभारला, आणि १९२४ मध्ये तिने लिहिलेली मुलांच्या हक्कांची सनद राष्ट्रसंघाने मान्य केली. संकटात मदतीचा पहिला घास मुलाचा, हे तत्त्व त्या सनदेत आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १२ ऑगस्ट १९४९ रोजी जिनिव्हा येथे चार करार झाले. भारताने ते १९५० मध्ये मान्य केले आणि १९६० मध्ये आपल्या संसदेने त्यांसाठी वेगळा कायदा केला. यांतील चौथा करार लढाईत नसलेल्या सामान्य माणसांविषयी आहे. त्याच्या १६ व्या कलमात गरोदर स्त्रियांना विशेष संरक्षण दिले आहे. २३ वे कलम सांगते की, १५ वर्षांखालील मुले, गरोदर आणि बाळंत स्त्रिया यांच्यासाठी जाणारे आवश्यक अन्न, कपडे आणि पौष्टिक औषधे शत्रूच्या मुलखात जात असली तरी जाऊ द्यावीत. ही मदत सैन्याच्या हाती जाणार नाही, एवढी खात्री मात्र मागता येते. २५ वे कलम ताटातूट झालेल्या कुटुंबांना एकमेकांची खुशाली कळवण्याचा हक्क देते. अगदी अडचण असली तरी महिन्यातून एकदा २५ शब्दांचा निरोप तरी जाऊ द्यावा, असे ते म्हणते. २७ वे कलम स्त्रीच्या अब्रूवरील प्रत्येक हल्ल्यापासून, बलात्कारापासून आणि सक्तीच्या वेश्याव्यवसायापासून तिला संरक्षण देते. ३० व्या कलमाने पीडित माणसाला स्वतः अर्ज करण्याचा हक्क आहे. आणि ८ वे कलम मला सर्वांत अधिक आवडते. या करारातील हक्क कोणालाही कोणत्याही परिस्थितीत सोडून देता येत नाहीत. म्हणजे भुकेल्या बाईचा अंगठा कोऱ्या कागदावर उमटवून घेतला, तरी तिचा हक्क त्या कागदाने जात नाही.

चारही करारांत एक कलम समान आहे, ते तिसरे. देशांतर्गत लढाईतही ते लागू होते. जे लढत नाहीत त्यांना माणुसकीने वागवावे, आणि त्यांत वंश, वर्ण, धर्म, लिंग, जन्म किंवा संपत्ती यांवरून भेद करू नये, असे ते सांगते. 'जन्म' हा शब्द ध्यानात ठेवा. ब्लूमफाँटेनच्या त्या वेगळ्या छावणीतील मातेसाठी हा शब्द ४८ वर्षे उशिरा आला. पण तो आला. आपल्या संविधानाच्या १५ व्या कलमातही जन्मस्थान, लिंग आणि जात यांवरून भेदभावाला बंदी आहे. जगाच्या कायद्याने आणि आपल्या कायद्याने जणू एकाच दुखण्यावर बोट ठेवले आहे.

पण कलमे वाचून पोट भरत नाही. मदत प्रत्यक्ष कशी चालते, याचे आपल्याच देशातील उदाहरण घ्या. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आश्रयाला आली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून आपल्या टपालावर निर्वासितांच्या मदतीसाठी ५ पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. ज्या घरातून पत्र गेले, ते घर गरीब असो की श्रीमंत, त्या मदतीत सामील झाले. ती भीक नव्हती. सर्वांनी सारखा उचललेला तो भार होता.

त्या छावण्यांत पटकी पसरली. सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात डॉक्टर दिलीप महालनबीस काम करीत होते. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपे भरून ठेवली आणि रोग्यांच्या आयांना, बहिणींना, नातलगांना सांगितले की, हे तुम्हीच पाजत राहा. पूर्वी जेथे शंभरांत तीसच्या आसपास रोगी मरत, तेथे ते प्रमाण चारच्या आत आले. भगिनींनो, यातील मर्म पाहा. औषध स्वस्त होते, हे खरे. पण ते आईच्या हाती दिले, म्हणून माणसे वाचली. ब्लूमफाँटेनच्या अधिकाऱ्यांनी आईला विचारले नाही. बनगावच्या डॉक्टरांनी आईवर विश्वास टाकला.

आणखी एका न्यायालयाची गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही. १९९४ मध्ये रवांडात भयंकर वंशसंहार झाला. ताबा या गावच्या महापौरावर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात खटला चालला. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा शब्दही नव्हता. आश्रयासाठी त्याच्या कचेरीच्या आवारात आलेल्या स्त्रियांवर काय बेतले, ते साक्षीदार बायकांच्या तोंडून साक्षीच्या ओघात बाहेर आले. तीन न्यायाधीशांत नवनीतम पिल्ले ही एकच स्त्री होती. भारतीय वंशाच्या, दरबानच्या एका बसचालकाची ही कन्या. त्या साक्षी तिने लक्षपूर्वक ऐकल्या, प्रश्न विचारले. पुढे आरोपपत्र दुरुस्त झाले, आणि २ सप्टेंबर १९९८ रोजी बलात्कार हे वंशसंहाराचे साधन ठरू शकते, असा निकाल झाला. त्या बायका गप्प राहिल्या असत्या, किंवा त्यांना विचारणारे कोणी नसते, तर तो गुन्हा कागदावर आलाच नसता.

कागदावर न येणे म्हणजे काय, हे मला वकिलीने शिकवले. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आली. वस्तीला आग लागून तिची झोपडी जळाली होती. मदतीच्या यादीत प्रत्येक घरातील कर्त्या पुरुषाचे नाव होते. तिला नवऱ्याने टाकले होते. म्हणून तिच्या घराला कर्ता नाही, आणि कर्ता नाही म्हणून घरच नाही, असा हिशेब झाला होता. चार लेकरांसह ती राखेवर उभी होती आणि कागद म्हणत होता की, येथे कोणी राहत नव्हते. तिचे नाव यादीत यायला आम्हाला अकरा महिने लागले. ते युद्ध नव्हते. साधी आग होती. युद्धात ही एक यादी हजारपट होते.

म्हणून, बंधूंनो आणि भगिनींनो, उद्या दूरच्या कोणत्या युद्धासाठी तुमच्या वस्तीत वर्गणी निघेल, किंवा संकट आपल्याच दारी येईल, तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवा.

मदत देण्यापूर्वी घरातील बाईला विचारा. धान्याबरोबर साबण, मासिक पाळीसाठी स्वच्छ कापड, तान्ह्यासाठी दूध, रात्री दिवा आणि शौचकूपाच्या दाराला आतून कडी लागते, हे तीच सांगेल. यादी करताना प्रत्येक प्रौढ स्त्रीचे नाव तिच्या स्वतःच्या नावाने लिहा. अमक्याची बायको, तमक्याची आई असे लिहू नका. वाटपाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी मागे वळून पाहा, कोणाची रांग वेगळी लावली आहे काय? लावली असेल, तर आधी तिकडे जा. तिचा नवरा कोणत्या बाजूने लढतो, हे तिच्या लेकराच्या ताटाजवळ विचारू नका. आणि घेणाऱ्या बाईची मान खाली असताना तिचे छायाचित्र काढू नका; त्या छायाचित्रात तुमचे दान दिसेल, पण तिचा हक्क दिसणार नाही.

आणि आपल्यावर वेळ आली तर? आपली कागदपत्रे जपा, मुलींना सही करायला शिकवा, न वाचता अंगठा देऊ नका, आणि आपल्यावर जे बेतले ते लाज न बाळगता सांगा. लाज ज्याने केले त्याची आहे.

तथागतांनी करुणेबरोबर प्रज्ञेचीही शिकवण दिली. करुणा म्हणते, भुकेल्याला दे. प्रज्ञा विचारते, कोणाला मिळाले नाही? हा दुसरा प्रश्न विचारला गेला नाही, म्हणून त्या माळावर हजारो माणसे नोंदीवाचून मातीत गेली. तो प्रश्न विचारण्याचे काम आपले आहे, कारण ज्यांना मिळाले नाही त्यांच्या रांगेत आपण पिढ्यान्‌पिढ्या उभे होतो. ती रांग आपण सोडली आहे. पण तिची ओळख विसरू नका.

जय भीम!